मानेचा रुकार

विरारहून सुटणाऱ्या लोकलमध्यें शब्दांवांचून केवढा व्यवहार चालतो, हें वसईकरांस सांगावयास नको. भुंवई वर गेली कीं ‘कोठें उतरणार?’, पंजा किंचित् हलला कीं ‘सरका, चौथी सीट द्या.’ ही भाषा कोणी शिकवीत नाहीं. मात्र ती सर्व जगाची नव्हे, हें आमच्या घरास गेल्या वर्षीं कळलें.

आमचा पुतण्या जर्मनींतील नोकरीसाठीं संगणकाच्या पडद्यावरून मुलाखत देत होता. प्रश्नकर्ते वयानें वडील. तेव्हां घरच्या वळणाप्रमाणें त्यानें दृष्टि खालीं ठेविली आणि प्रत्येक अटीस मान दोन्ही खांद्यांकडे डोलावून रुकार दिला. ‘उमेदवाराचें मन साशंक दिसतें,’ असा अभिप्राय येऊन नोकरी गेली! आमच्या मातोश्री संतापल्या. “वडिलांकडे टक लावून पाहावयास शिकवूं काय त्याला?”

प्रश्न खोटा नव्हता. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानवशास्त्रज्ञांनीं १९५९ सालींच ‘द सायलेंट लँग्वेज’ या ग्रंथांत ह्या मुक्या भाषेचा विचार मांडला आहे. बल्गेरियांत तर मान आडवी हलविणें हाच होकार! पण हें वाचून मान थोडीच वळते? तिला संवय हवी. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत लुईस जॉन्सन प्रभृतींनीं अमेरिकन सैनिकांसाठीं ‘टॅक्टिकल इराकी’ नांवाचा संगणकी खेळ रचला, तो याच विचारानें. त्यांत अरबी बोलावें लागेच. शिवाय छातीवर हात ठेवण्यासारखी खूणहि निवडावी लागे. उद्धटपणा घडला तर पडद्यावरील गांवकरी सहकार्य करीत नसत. हेतु लष्करी खरा. परंतु खऱ्या माणसाचें मन न दुखवितां चुकावयास मिळावें, ही युक्ति आम्हांस फार पटली.

पुतण्यानेंहि तशीच तालीम धरली. पडद्यावर एक कृत्रिम अधिकारी प्रश्न विचारी, आणि दृष्टि ढळली कीं यंत्र लाल खूण दाखवी. एकदां मातोश्रीच खुर्चीवर बसल्या. त्यांनीं आपल्या रीतीनें मान डोलाविली. यंत्रानें ती होकारांत धरलीच नाहीं. “ह्याला आपलें ‘हो’ कोणी शिकविलेलें दिसत नाहीं,” त्या म्हणाल्या. त्यांचें म्हणणें अगदीं योग्य होतें. यंत्रांतला जर्मन हाहि कोणाच्या तरी कल्पनेंतलाच. सारे जर्मन एकाच सांच्यांतून निघत नाहींत.

येत्या पंधरवड्यांत दुसरी मुलाखत आहे. ती संपेपर्यंत मातोश्री त्या खोलींत पाऊल टाकणार नाहींत. त्या समोर दिसल्या कीं नातवाची दृष्टि आपोआप खालीं जाते.