जहाजाच्या गॅलरीतली खुर्ची

आमच्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. गोदावरी, पूर्णा, दुधना आणि येलदरीचं धरण, एवढंच आमचं पाणी. तरीही क्रूझवर जाऊन आलेली माणसं आता वसमत रोडला भेटतात, जिंतूर रोडलाही भेटतात. ती जेवणाचं सांगतात, रात्रीच्या कार्यक्रमांचं सांगतात, आणि मोबाइलमधला एक फोटो हमखास दाखवतात: केबिनची गॅलरी, समोर निळं पाणी, कठड्यावर टेकवलेले पाय. त्या फोटोत मी पाणी बघत नाही, खुर्ची बघतो. बसण्याच्या वस्तूंचा मला फार जुना नाद आहे. बाज, बंगई, झोपाळा, कोर्टातल्या वेताच्या खुर्च्या, सगळ्यांवर मी तासन् तास बोलू शकतो. पण जहाजाच्या गॅलरीतल्या खुर्चीइतका विचार करून बनवलेली खुर्ची मला दुसरी माहीत नाही. आराम आणि जीव, दोन्हींची जबाबदारी तिच्यावर असते.

थोडा इतिहास, भरभर. पूर्वी आगबोटीवर खासगी गॅलरी क्वचितच असायची. डेकवर लाकडी आरामखुर्च्या मांडलेल्या असत. ‘टायटॅनिक’वरची तशी एक खुर्ची कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयात आजही आहे. आपल्या कोकणच्या बोटींवर डेकचा प्रवासी सतरंजी पसरून बसे. 1984 साली ‘रॉयल प्रिन्सेस’ नावाचं जहाज आलं. त्यातल्या सगळ्या केबिन बाहेरच्या अंगाला होत्या आणि बऱ्याच केबिनना स्वतःची गॅलरी होती. तिथून पुढं गॅलरीची चटक लागली ती लागलीच.

मुंबईहून गोव्याला क्रूझनं गेलो तेव्हा केबिनमध्ये सामान टाकून मी आधी गॅलरीतली खुर्ची उलटी केली. अॅल्युमिनियमच्या नळीचा सांगाडा होता. नळीला आतून खाच, त्या खाचेत कापडाची दुमडलेली कड सरकवलेली आणि कड निसटू नये म्हणून दुमडीत घातलेली प्लॅस्टिकची बारीक काडी. कापड म्हणजे पॉलिस्टरचा धागा, त्यावर पीव्हीसीचा लेप, आणि विणीत डोळ्यांना दिसतील एवढी भोकं. बाजेच्या नवारीसारखंच हे कापड अंगाच्या भारानं थोडं खाली जातं, खालून वारा लागू देतं आणि पाणी धरत नाही. गादी नसूनही त्यावर दोन-दोन तास बसवतं ते यामुळं. वेतासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिक पट्ट्यांच्या खुर्च्या फोटोत देखण्या दिसतात, पण अर्ध्या तासात मांडीवर वळ उठतात. माझं मत विचाराल तर कापडाचीच खुर्ची चांगली.

पाय लांब करून झोपता येईल अशी खुर्ची का नाही, असं पुष्कळजण विचारतात. जागाच नसते. साध्या केबिनची गॅलरी चार-पाच फूट खोल, आणि लांब खुर्ची सहा फुटांहून मोठी. म्हणून दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल, यावर भागवतात.

पण ही खुर्ची अॅल्युमिनियमचीच का असते? इथं मला 2006 सालात जावं लागतं. जहाजाच्या गॅलरीबद्दल कुणालाही काही सांगायचं असेल तर त्या सालातल्या एका रात्रीपासूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं.

23 मार्च 2006. ‘स्टार प्रिन्सेस’ हे जहाज कॅरिबियन समुद्रात ग्रँड केमनहून जमैकाच्या माँटेगो बेकडं निघालं होतं. अडीच हजारांवर प्रवासी, बहुतेक झोपेत. पहाटे तीनच्या सुमारास डाव्या अंगाच्या एका गॅलरीत आग लागली. विझवल्याशिवाय फेकलेलं सिगारेटचं थोटूक हे तिचं सर्वांत संभवनीय कारण, असं ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागानं पुढं नमूद केलं. पण एका थोटकानं जहाज पेटत नाही. ते पेटलं गॅलरीतल्या सामानामुळं. दोन गॅलऱ्यांमधले पडदे पॉलिकार्बोनेटचे, पायाखालच्या फरश्या पॉलियुरेथेनच्या, खुर्च्या-टेबलं प्लॅस्टिकची. वर चालत्या जहाजाचा वारा. आग एका गॅलरीतून शेजारच्या गॅलरीत, तिथून वरच्या मजल्यावर अशी बाहेरच्या बाहेर चढत गेली. गॅलरीच्या काचेच्या दारांना तडे गेले. केबिनच्या आत छताला पाण्याचे फवारे होते, ते सुरू झाले आणि आग आत फार शिरली नाही. बाहेर गॅलरीत मात्र ना फवारा, ना धुराची सूचना देणारं यंत्र. कारण नियमांच्या दृष्टीनं गॅलरी म्हणजे उघडा डेक. उघड्या डेकवर काय जळणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

धुरानं एका प्रवाशाचा जीव गेला, तेरा जणांवर उपचार करावे लागले. 79 केबिन पूर्ण निकामी झाल्या आणि आणखी दोनशेच्या वर केबिनना आग, धूर किंवा पाण्यानं इजा झाली. त्या अपघाताचा तपास अहवाल मी रात्र रात्र वाचला आहे. जळलेल्या गॅलऱ्यांच्या फोटोत लोखंडी चौकटी उरलेल्या दिसतात. खुर्च्यांचा मागमूस नाही.

‘टायटॅनिक’नंतर 1914 साली ‘सोलास’ नावाचा सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आजही जगातली प्रवासी जहाजं त्याच्याच पुढच्या आवृत्तीप्रमाणं चालतात. 2006 संपायच्या आत त्यात गॅलरीसाठी सुधारणा झाली आणि 1 जुलै 2008 पासून ती लागू झाली, जुन्या जहाजांनाही. खुर्चीपुरता तिचा अर्थ असा: सुट्या खुर्ची-टेबलाचा सांगाडा न जळणाऱ्या वस्तूचा हवा, आणि गादी असेल तर तिनं सहज पेट घेता कामा नये. ज्यांना लाकडाचीच खुर्ची हवी त्यांनी गॅलरीत पाण्याचे फवारे आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवावी. इतक्या साध्या शहाणपणासाठी एक जीव जावा लागला याचं मला अजूनही वाईट वाटतं. पुष्कळ कंपन्यांनी गॅलरीत सिगारेट ओढायलाही बंदी केली. ही बंदी कुणी मोडताना दिसलं तर मी गप्प बसत नाही.

अॅल्युमिनियममुळं जळण्याची भीती गेली तरी मीठ आहेच. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमला स्टीलचा स्क्रू लागला की दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो. तो तांबडा नसतो, पांढऱ्या भुकटीसारखा दिसतो. स्क्रूभोवती अशी भुकटी दिसली, रंगाला फुगे आले, की ती खुर्ची बदलून मागावी. सांधा आतून पोखरलेला असतो आणि माणूस मागं रेलला की पाय मुडपतो. पाठ मागंपुढं करता येणारी खुर्ची असेल तर हाताखालचे दाते बघावेत. बोट तिथंच चिमटतं. पायांच्या रबरी टोप्याही तपासाव्यात. एक जरी टोपी गेलेली असली तरी ओल्या डेकवर खुर्ची सरकते.

आमच्या केबिनची व्यवस्था बघणारा मुलगा रत्नागिरीकडचा होता. मराठी ऐकल्यावर तो मोकळेपणानं बोलू लागला. “काका, खुर्ची कठड्याला लावू नका, भिंतीला लावा,” असं त्यानं पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. वारा वाढणार असला तर जहाजावरचे कर्मचारी खुर्च्या आडव्या करून ठेवतात. पण त्याला काळजी लहान मुलांची होती, आणि ती रास्त आहे. अमेरिकेच्या 2010 च्या कायद्यानुसार जहाजाचा कठडा किमान 42 इंच, म्हणजे सुमारे 107 सेंटिमीटर लागतो. खुर्चीची बैठक साधारण 45 सेंटिमीटरवर. मूल तिच्यावर उभं राहिलं की कठडा उरला 62 सेंटिमीटर. पाच वर्षांच्या मुलाची उंची 108 च्या आसपास, म्हणजे कठडा त्याच्या बेंबीपर्यंतच आला. त्यात ते पुढं वाकलं तर डोकं आणि छाती बाहेर.

हा हिशेब जहाजापुरता नाही. परभणीत गेल्या काही वर्षांत चार-चार, पाच-पाच मजल्यांच्या इमारती झाल्या. संध्याकाळी खाली उभं राहून वर बघितलं की गॅलरीच्या कठड्याला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिसतात. आमच्या उन्हात ते प्लॅस्टिक दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरट पडतं, कडक होतं आणि एक दिवस पाय मोडतो. मी ओळखीच्या घरी गेलो की आधी ती खुर्ची उचलून भिंतीकडं ठेवतो.

जहाजावरची खुर्ची घरी हवी असेल तर गुजरातेत भावनगरजवळ अलंग आहे. जगभरची म्हातारी जहाजं तिथं मोडायला येतात. ‘फ्रान्स’ म्हणून गाजलेलं, पुढं ‘नॉर्वे’ झालेलं प्रचंड जहाज 2006 साली तिथंच आलं. मुंबईहून सहली करणारं ‘कर्णिका’ही 2020 साली तिथंच गेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं आहेत: सोफे, पलंग, कपबश्या, आणि मागच्या अंगणात रचलेल्या डेकवरच्या खुर्च्या. तिथं कापडाकडं बघू नये, सांगाड्याकडं बघावं. कापड फाटलेलं असतंच, पण सांगाडा निकोप असेल तर खुर्ची घ्यावी. तसलं जाळीदार कापड बाजारात मिळतं, आणि ताडपत्री शिवणारा कुठलाही कारागीर कड दुमडून ते शिवून देतो. धागा मात्र पॉलिस्टरचा सांगा. सुती धागा उन्हानं आणि पावसानं वर्षभरात कुजतो आणि शिवण बसल्या बसल्या उसवते.