कळलावीच्या कुंड्या

सकाळी ७.३०
सावंतवाडीजवळची एक नर्सरी. इथे रोजावर काम करणाऱ्या मावशी एसटीने आल्या, बायकांच्या अर्ध्या तिकिटावर. गौरी-गणपती आठवड्यावर आलेत. मेअखेरीला ४० कुंड्यांत कळलावीचे कंद लावले होते, उगवल्या ३७. कंद असतो बेचकीसारखा, दोन फाट्यांचा. डोळा काय तो टोकाला. "कोंब मोडलो की संपलाच," मावशी म्हणतात.

८.१५
वेल बांधायचे. कळलावीला वेगळे तणावे नसतात, पानाचं टोकच वळून आधार धरतं. पण बांबू जाड, त्याला वेटोळं बसत नाही. म्हणून मावशी बांबूला सुतळीचे फेरे देतात आणि एकेक टोक सुतळीवर टेकवतात. ओढायचं नाही. खोड कट्‌कन मोडतं. एक मोडलंच. मावशींनी आधी मालकांच्या खोपीकडे पाहिलं.

९.४०
बी धरायचं काम. हत्यार म्हणजे चित्रकलेचा जुना ब्रश. फूल उमलतं हिरवट, मग पिवळं, शेवटी लालभडक. पाकळ्या मागे उलटलेल्या, सहा पुंकेसर बाहेर पसरलेले. स्त्रीकेसर मात्र बुडाशीच काटकोनात वळून बाजूला गेलेला, जणू घरच्यांशी अबोला. रानात फुलपाखरांच्या पंखांना लागून पराग तिथवर पोचतो. आज पाऊस, फुलपाखरू एक नाही. मावशी दुसऱ्या वेलाचा पराग ब्रशवर घेतात, टोकाला लावतात, देठाला लाल दोरा बांधतात. अकरापर्यंत ५२ दोरे. या बियांच्या वेलाला फूल यायला तीन-चार पावसाळे जातील.

दुपारी १.००
हात साबणाने तीनदा धुतले. मगच डबा. झाड मुळापासून बीपर्यंत विषारी. त्यातल्याच कोल्चिसिनचं गाऊटवर औषध होतं. "तोंडाक हात लावू नको हां," मला दटावलं. भाकरी, वालाची उसळ.

३.१०
गोव्याची गाडी. कुंडी २५० रुपये. घासाघीस होऊन दोन कुंड्या ४५०. बाईंनी जाता जाता विचारलं, "ही घरात लावली की भांडणं होतात म्हणे?"
"भांडाक झाड कित्याक होया?"

५.३०
हजेरी ४०० रुपये. मोडलेल्या वेलाबद्दल मालक काही बोलले नाहीत. मावशीही नाहीत.

५.५०
थांब्यामागच्या गडग्यावर कळलावी चढलीय, करवंदीच्या जाळीला धरून. मावशींनी तीन फुलं हेरून ठेवली. गौरीच्या दिवशी येताना तोडायची. तोवर दुसऱ्या कुणी नेली नाहीत म्हणजे झालं. एसटी वीस मिनिटं उशिरा आली.