पाणी मुरेना, वाफसा येईना! खारपाणपट्ट्यातल्या मातीच्या दहा गोष्टी

नागपूरहून मुंबईची गाडी पकडा आणि बडनेरा सुटल्यावर खिडकीबाहेर बघा. मूर्तिजापूर, अकोला, शेगाव... नजर जाईल तिथपर्यंत सपाट, काळीभोर जमीन. पाहणाऱ्याला वाटावं, इथे पेरलं की पिकलंच. पण रुळांच्या उत्तरेला, पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवर याच काळ्या मातीत एक अडचण दडलेली आहे. पावसाळ्यात पाणी शेतात दिवसेंदिवस तुंबून राहतं, उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी होते आणि विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही. हाच विदर्भाचा खारपाणपट्टा. त्या मातीच्या या दहा गोष्टी, प्रत्येक विदर्भवासीयाला ठाऊक असाव्यात अशा.

१. दोन डोंगरांमधली परात

पूर्णा मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगवते, अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेला वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मध्ये हे खोलगट खोरं. हजारो वर्षं नद्या-नाल्यांनी आणलेला गाळ इथे थरावर थर साचला. उतार इतका कमी की पाण्याला पुढे जायची घाई नाही. राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळी गावांच्या जोडीला या पट्ट्यातली सुमारे ९३२ गावं घेतली गेली. त्यावरूनच या प्रश्नाचा पसारा लक्षात येतो.

२. नाव खारं, पण माती खारट नाही!

सर्वात मोठा गैरसमज इथेच होतो. खारं आहे ते जमिनीखालचं पाणी. वरची माती बऱ्याच ठिकाणी खारट नसून चोपण आहे. खारवट जमिनीत विरघळलेले क्षार जास्त असतात, उन्हाळ्यात पांढरा थर वर येतो. चोपण जमिनीत क्षार फारसे नसतात, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेलं असतं. सामू साडेआठच्या वर जातो. ‘चोपण’ म्हटलं की कानाला ‘चोपडं’ ऐकू येतं आणि ओल्या चोपणीत पाय घसरला की शब्दाची खूण पटते. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या गवताळ मैदानांतले शेतकरीही अशा तुकड्यांना ‘निसरडे ठिपके’ याच अर्थाच्या नावाने ओळखतात.

३. तुरटीच्या नेमकं उलट

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती तळाला बसते, कारण तुरटीतलं ॲल्युमिनियम मातीच्या कणांना एकत्र आणतं. चांगल्या काळ्या जमिनीत हेच काम कॅल्शियम करतं. त्याच्यावर दोन विद्युतभार, त्यामुळे चिकणमातीचे पापुद्रे जवळ धरून ठेवायची ताकद त्याच्यात असते. सोडियमवर भार एकच, शिवाय त्याच्याभोवती पाण्याचा जाड वेढा. त्याने कॅल्शियमची जागा घेतली की कण फुगतात, सुटे होतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजवतात. मग पाणी खाली जात नाही, हवा आत येत नाही आणि शेतकरी ज्या वाफशाची वाट बघत असतो तो येतच नाही. आज चिखल, चार दिवसांनी ढेकूळ. मधला पेरणीजोगा काळ हातात सापडत नाही.

४. चुना आहे, पण कुलपात

या जमिनी खणल्या की पांढऱ्या चुनखडीचे खडे हाताला लागतात. म्हणजे कॅल्शियम भरपूर! मग अडचण कसली? तर ते विरघळत नाही. कोरड्या हवामानात जमिनीतलं पाणी उडून जातं तसं कॅल्शियम चुनखडी होऊन गोठतं आणि द्रावणात सोडियमचा वाटा वाढत जातो. खाली खाली तो आणखी वाढतो. म्हणजे चुनखडी बनणं आणि माती चोपण होणं ही एकाच प्रक्रियेची दोन टोकं. यात माणसाचा हात नसतानाही जमीन बिघडू शकते, हे या खोऱ्यात स्पष्ट दिसतं.

५. पंधरा की पाच? नागपूरचं उत्तर

१९५४ मध्ये अमेरिकेच्या क्षार संशोधन प्रयोगशाळेने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेमुळे एक आकडा जगभर रूढ झाला. मातीच्या कणांना चिकटलेल्या एकूण धन आयनांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण. पण पूर्णेच्या खोऱ्यातली माती त्याच्या कितीतरी आधीच पाणी अडवू लागते. नागपुरात १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतल्या शास्त्रज्ञांनी या मातीचा अभ्यास केला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांनी आपल्या काळ्या मातीसाठी ही मर्यादा ५ टक्के धरावी असं सुचवलं. जगाच्या आकड्याचा थेट एक तृतीयांश! आपल्या मातीचं माप आपल्याच मातीत घ्यावं लागतं, हे नागपूरने सिद्ध केलं.

६. विहिरीचं पाणी उकळा, मीठ घ्या

समुद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही वऱ्हाडात मीठ तयार होत असे. पूर्णेकाठच्या विहिरींचं पाणी इतकं खारं होतं की एकोणिसाव्या शतकात इथे मिठाचा धंदा चालायचा. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा किनारा नसलेल्या वऱ्हाडाने काय करावं? अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा गावी सत्याग्रहींनी इथल्याच खाऱ्या पाण्यातून मीठ काढून कायदा मोडला. ज्या पाण्याने पीक जळतं, त्याच पाण्याने स्वातंत्र्यलढ्याला मीठ दिलं.

७. पापड, धोबीघाट आणि इजिप्तची ममी

पापडाच्या पिठात घालतात त्या पापडखारात सोडियमचेच क्षार असतात. उत्तर भारतातल्या ऊसर जमिनींवर उन्हाळ्यात साठणारी ‘रेह’ पूर्वी धोबी कपडे धुवायला वापरत. प्राचीन इजिप्तमध्ये ममी सुकवायला वापरत तो नॅट्रॉन हाही सोडियमच्याच क्षारांचा. त्या नॅट्रॉनवरून सोडियमला ‘नॅट्रियम’ हे नाव मिळालं आणि रसायनशास्त्रात त्याची खूण ‘एनए’ ठरली. आज मृदाशास्त्रज्ञ सोडियम साठलेल्या चिकणमातीच्या थराला ‘नॅट्रिक’ म्हणतात. अशा थराचं शास्त्रीय नाव पिरॅमिडच्या देशातून आलं आहे.

८. स्वतःची नांगरट स्वतः करणारी माती

आपली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात अख्खा हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्यात पडते, पावसात भेगा मिटतात आणि आतला थर हळूहळू वर ढकलला जातो. म्हणून अशा मातीला ‘व्हर्टिसॉल’ म्हणतात, लॅटिनमधल्या ‘उलटणे’ या क्रियापदावरून. हंगेरीच्या होर्तोबाज गवताळ मैदानात सोडियमने वेगळाच आकार घडवला आहे. तिथल्या ‘सोलोनेट्झ’ जमिनीत खालचा थर गोल माथ्याच्या खांबांची रांग उभी केल्यासारखा दिसतो. आपल्याकडे मात्र माती सतत हलत असल्याने असे खांब टिकत नाहीत.

९. दगडातला मदतनीस

सगळ्याच काळ्या जमिनी चोपण का होत नाहीत? याचं एक उत्तर आपल्या काळ्या पाषाणात आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत जिओलाइट नावाची खनिजं सापडतात. महाराष्ट्रातले त्यांचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. यातली काही कॅल्शियमने समृद्ध असतात. मातीत मिसळली की ती हळूहळू कॅल्शियम सोडत राहतात, सोडियमला डोकं वर काढू देत नाहीत आणि निचरा टिकवतात. दुकानात शोभेसाठी विकला जाणारा स्फटिक शेतात मातीचा राखणदार असतो.

१०. दोषाचाही उपयोग

पाणी मुरत नाही ना? मग साठवा! इतर ठिकाणी शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर लागतं, खारपाणपट्ट्यात अनेक जागी नुसतं खोदलेलं शेततळंही पाणी धरून ठेवतं. पावसाचं गोड पाणी त्यात साठवलं की खंड पडल्यावर कपाशीला आणि रब्बीत हरभऱ्याला संरक्षित पाणी देता येतं. खालचं खारं पाणी उपसायची वेळ येत नाही. रुंद सरी-वरंब्यावर पेरणी केली की जादा पाणी सरीतून वाहून जातं आणि मुळांना श्वास घेता येतो.

मग उपाय काय?

इथे खारवट आणि चोपण यांतला फरक ओळखणं पैशाइतकं मोलाचं ठरतं. खारवट जमीन गोड्या पाण्याने धुता येते. चोपण जमिनीला नुसतं गोडं पाणी दिलं तर कण आणखी सुटे होतात आणि जमीन जास्तच बिघडते. तिला आधी कॅल्शियम हवं. त्यासाठी जिप्सम टाकतात. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि मग त्या सोडियमला चरांवाटे बाहेर जायला वाट द्यावी लागते. निचऱ्याविना जिप्सम म्हणजे अर्धंच औषध. धैंचा किंवा ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडला, शेणखत दिलं की कुजताना तयार होणारी आम्लं कुलपातली चुनखडीही थोडी थोडी विरघळवतात.

पूर्णेकाठी किंवा कुठल्याही भारी जमिनीत शेती असेल तर एवढं जरूर करा. सुक्या मातीचं वाटाण्याएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या स्वच्छ पाण्यात अलगद सोडा आणि ग्लास न हलवता काही तास ठेवा. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियमची शंका धरा आणि माती परीक्षण करून घ्या. जिप्समचं प्रमाण त्या अहवालावरूनच ठरवा. आणि नमुना फक्त वरच्या वीतभर थराचा देऊ नका. एक फूट, दोन फूट, तीन फूट खोलीवरची मातीही वेगवेगळ्या पिशव्यांत भरून द्या, कारण या जमिनीचं दुखणं वरपेक्षा खाली जास्त असतं.