घाटात मिसिंग करणारी गाडी

खंबाटकी घाटात पुढचा ट्रक ओलांडायचा म्हणून ॲक्सिलरेटर दाबावा, तर गाडी झटके द्यायला लागते. पाय जरा उचलला की इंजिन सुरळीत. गॅरेजमध्ये मेकॅनिक उभ्या गाडीला रेस देऊन बघतो, तर आवाज अगदी स्वच्छ! ‘काही नाही साहेब, पेट्रोलमध्ये कचरा आला असेल,’ म्हणून गाडी परत मिळते आणि पुढच्या चढाला तोच प्रकार.

उभ्या गाडीत हा मिसिंगचा, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच न पेटण्याचा, दोष सापडणं मुळातच अवघड, कारण तो जोर पडल्याशिवाय बाहेर येत नाही. इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते आणि ठिणगीच्या क्षणी आतला दाब बराच चढलेला असतो. दाब जितका जास्त आणि प्लगच्या टोकांमधली फट जितकी मोठी, तितकं ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये हे दाखवून दिलं होतं. टोकं झिजून फट वाढलेला प्लग सपाट रस्त्यावर निभावून नेतो, चढावर मात्र कॉइलचा जोर अपुरा पडतो.

कधी प्लग धड असतो, पण त्याच्यावरच्या रबरी बुटाला बारीक चीर गेलेली असते. मग वीज फटीतून उडी मारण्याऐवजी बाहेरच्या बाहेर इंजिनच्या धातूत उतरते. अशा वेळी प्लग काढला की पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते.

‘पेट्रोलवर मस्त, सीएनजीवर मिसिंग’ ही मुंबई-पुण्यातली नेहमीची तक्रारही बऱ्याचदा याच कुळातली. सीएनजीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे दमलेला प्लग किंवा कॉइल तिथे आधी उघडी पडते.

स्टिअरिंगच्या खालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की बरंच काम सोपं होतं. सिलिंडर पेटला नाही की क्रँकशाफ्टची गती क्षणभर मंदावते, सेन्सर ते टिपतो आणि कॉम्प्युटर कोड नोंदवतो. पी०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर बसवायची, कोड पुसायचा आणि गाडी पुन्हा चढावर न्यायची. आता पी०३०२ आला, तर कॉइल खराब. पी०३०३ कायम राहिला, तर त्याच सिलिंडरचा प्लग, मग इंजेक्टर बघायचा. एवढी साधी अदलाबदल न करता चारही कॉइल गळ्यात मारणारे महाभाग कमी नाहीत.

पी०३०० आला, तर दोष एका सिलिंडरपुरता नसण्याची शक्यता जास्त. अशा वेळी फ्युएल पंपाचा संशय रास्त ठरतो, पण त्याचा दाबही गाडीवर जोर असतानाच मोजायला हवा. स्लोमध्ये काटा जागेवर असतो, चढावर खाली येतो.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घ्यावी. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. ती तुंबली की धूर बाहेर पडायला वाट राहत नाही. मग प्लग-कॉइल नवीन टाकूनही गाडी चढावर ओढत नाही, आणि कन्व्हर्टरचा खर्च प्लगच्या कित्येक पट येतो.