तंबूतून चित्रगृहाकडे : गिरगावातील एका स्थित्यंतराची कथा

14 मार्च 1931 रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. त्या दिवशी झालेली अलोट गर्दी, पोलिसांना करावा लागलेला बंदोबस्त आणि अवाच्या सवा दराने विकली गेलेली तिकिटे यांची वर्णने आजवर अनेकदा छापून आली आहेत. परंतु ज्या गृहस्थांच्या मालकीच्या चित्रगृहात हा इतिहास घडला, त्या अब्दुलअली युसुफअली यांचे पूर्वायुष्य फारसे कोणी सांगत नाही. या चित्रगृहाचा पाया घालण्यापूर्वी बारा-तेरा वर्षे ते कापडी तंबू बरोबर घेऊन देशोदेशी हिंडत होते.

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. त्यानंतर कित्येक वर्षे सिनेमा हा खेळ फिरताच राहिला. मैदानात तंबू ठोकावा, प्रेक्षक ओसरले की तो उतरवून पुढचे गाव गाठावे, अशी त्याची रीत होती. युसुफअली यांनी 1901 पासून सिंगापूर, सुमात्रा, जावा, ब्रह्मदेश आणि सिलोन या भागांत, व 1908 पासून हिंदुस्थानात, असा संचार केला. त्यांचा तंबू सुमारे 100 फूट लांब व 50 फूट रुंद होता आणि चार खांबांवर उभ्या राहणाऱ्या त्या तंबूत हजारभर माणसे सामावत. खेळात शंभर-दोनशे फूट लांबीच्या चाळीस-पन्नास लहान फिती एकामागून एक दाखविल्या जात. शंभर फूट फीत दीड-दोन मिनिटांत संपत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या करमणुकीचे स्वरूप ध्यानात येईल.

या धंद्याचे गणित सरळ होते. फिती विकत घेतलेल्या असत, त्यांचे भाडे नसे. गाव बदलले की प्रेक्षक बदलत, त्यामुळे त्याच फिती पुन्हा नव्या ठरत आणि झिजून तुटेपर्यंत चालत. जागेसाठी भांडवल अडकत नसे. उलट वारा, पाऊस आणि प्रवासखर्च यांचे संकट नित्याचेच होते. मुंबईसारख्या ठिकाणी मृगाच्या सरी आल्या की कनातीचा काय पाड! शिवाय त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असल्याने झटकन पेट घेत. 1897 साली पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या दिव्याच्या इंधनाने लागलेल्या आगीत सव्वाशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली होती. कापड, गर्दी आणि उघडी ज्योत एकत्र आल्यावर दुसरे काय व्हावयाचे?

1914 साली युसुफअली मुंबईस स्थायिक झाले. अर्देशीर इराणी यांच्याशी भागीदारी करून त्यांनी अलेक्झांड्रा हे चित्रगृह घेतले आणि 1918 मध्ये गिरगावात मॅजेस्टिक उभारले. स्थिर होण्याचा हा निर्णय वरवर सोयीचा वाटतो, परंतु त्याने धंद्याचा मूळ हिशेबच उलटा केला. तंबूवाल्यास प्रेक्षक नवे मिळत व चित्रे जुनी चालत. चित्रगृहवाल्यासमोर मात्र तोच गिरगावकर, तोच ठाकूरद्वारचा कारकून पुन्हा येणार. त्याला गेल्या आठवड्यातील चित्र दाखवून कसे भागावे? तंबू थांबला म्हणून चित्रांना फिरणे भाग पडले. फिती विकत घेण्याची पद्धत मागे पडली, त्या भाड्याने आणण्याचा व एका चित्रगृहातून दुसऱ्याकडे पाठविण्याचा व्यवहार रूढ झाला आणि वितरक हा नवा मध्यस्थ उदयास आला.

विदेशी चित्रे सतत मिळत होती हे खरे. परंतु आपल्या भाषेचे, आपल्या पुराणातले चित्र कायम वस्तीच्या प्रेक्षकाला अधिक जवळचे, हे गिरगावानेच दाखवून दिले होते. दादरला राहून दादासाहेब फाळके यांनी निर्माण केलेला सुमारे 3700 फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी येथल्याच कॉरोनेशन चित्रगृहात लागला होता. ज्याला दर आठवड्यास पडदा भरावयाचा आहे, त्याला चित्रनिर्मितीत उतरण्याचा मोह होणे स्वाभाविकच होय. अर्देशीर इराणी यांनी 1926 मध्ये इंपीरियल कंपनी स्थापन केली आणि पाच वर्षांनी तिचाच ‘आलम आरा’ भागीदाराच्या मॅजेस्टिकमध्ये झळकला. देशी चित्रपटधंद्याच्या वाढीचे श्रेय निर्मात्यांना देताना या विटा-चुन्याच्या भिंतींचा वाटा विसरला जातो, तो तसा विसरू नये.

कायद्यानेही या स्थित्यंतरास हातभार लावला. 1918 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने खेळाच्या जागेस परवाना आणि चित्रास प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची व्यवस्था करणे पक्क्या इमारतीत जेवढे सोपे, तेवढे कनातीत नव्हते.

स्थिर जागेचा आणखी एक लाभ पुढे दिसून आला. चित्र लोकांना आवडले तर ते हलविण्याची गरजच उरत नसे. 1936 च्या डिसेंबरात गिरगावच्या सेंट्रल चित्रगृहात लागलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ वर्षाहून अधिक काळ तेथेच चालला. तंबूच्या मालकाला असे भाग्य स्वप्नातही लाभले नसते. लालबागच्या गिरणगावात भारतमाता चित्रगृहाने मराठी चित्रपटांचा आणि कामगार प्रेक्षकांचा असाच दीर्घ ऋणानुबंध जोडला.

मात्र जी जमीन चित्रगृहाचे बळ होती, तीच पुढे त्याची अडचण ठरली. दक्षिण व मध्य मुंबईत जागेचे मोल इतके वाढले की पडद्यावरच्या उत्पन्नाचा त्याच्याशी मेळ बसेना. मॅजेस्टिक पाडले गेले व तेथे त्याच नावाचे व्यापारी संकुल उभे राहिले. भारतमाता तर गिरणीच्या जमिनीवर वसलेले. गिरण्या थंडावल्यावर त्या जमिनीचा प्रश्न चित्रगृहाच्याही दारी आला. तंबूवाल्याने वाऱ्याची धास्ती घेतली, तर चित्रगृहवाल्याने जमिनीच्या भावाची. दूरदर्शन, चित्रफिती आणि बहुपडदा चित्रगृहे यांनी उरलेली कसर भरून काढली.

गिरगावातून तंबू गेला तरी महाराष्ट्रातून तो गेला नाही. सुगीनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की फिरत्या सिनेमाचे मालक ट्रकमध्ये तंबू, पडदा आणि यंत्रे भरून गावोगाव जात. प्रेक्षक जमिनीवर बसत आणि बाहेर ध्वनिक्षेपकावरून चित्राची जाहिरात होई. यांतील काही मालकांच्या जीवनावर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात दाखविण्यात आला. त्यांचे प्रक्षेपणयंत्र ट्रकच्या हौद्यातच बसविलेले असे, आणि फितीची जागा डिजिटल यंत्राने घेतल्यावर जुनी लोखंडी यंत्रे भंगाराच्या भावाने विकण्याची पाळी त्यांच्यावर आली.