एकाच विचाराचे दोन उमेदवार

कल्याण स्थानक सोडून गाडी कर्जतच्या दिशेने वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी जी स्थानके ओळीने लागतात, त्यांच्या दोन्ही अंगांस वसलेल्या नगरांत धर्माभिमानी, परंपरेविषयी आस्था बाळगणारा आणि आपले मत सहसा हिंदुत्ववादी पक्षालाच देणारा असा एक मोठा मतदारवर्ग गेली कित्येक दशके स्थिरावलेला आहे. या वर्गाचा विरोधकांशी होणारा वाद सर्वांच्या परिचयाचा असतो. वर्तमानपत्रे तो छापतात आणि सभांतून तो गाजतो. परंतु त्याहून कितीतरी तीव्र आणि जिव्हाळ्याचा असा दुसरा एक वाद या नगरांच्या घराघरांत चालतो. विचार एक, दैवते एक, राष्ट्राविषयीची कल्पना एक, आणि तरीही उमेदवार मात्र दोन. मग यांतला आपला कोणता? या घरगुती वादाला आपल्या लोकशाहीत रीतसर स्थान नाही, आणि ते असावयास हवे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेत या वादासाठी स्वतंत्र निवडणूकच आहे. अध्यक्षपदाची खरी लढत नोव्हेंबरात होण्यापूर्वी प्रत्येक पक्ष आपला उमेदवार कोण असावा हे राज्याराज्यांतील मतदारांना विचारतो, आणि या पूर्वनिवडणुकीला तेथे ‘प्रायमरी’ म्हणतात. पुढाऱ्यांनी बंद दाराआड मसलत करून उमेदवार ठरवावा आणि जनतेने तो मुकाट्याने स्वीकारावा, ही जुनी वहिवाट मोडून काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी तसा कायदा केला व पुढे ती पद्धत देशभर रूढ झाली. 1976 मध्ये विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना त्यांच्याच रिपब्लिकन पक्षातील रोनाल्ड रेगन यांनी आव्हान दिले, तेव्हा परंपरावादी मतदारांची घरेच्या घरे दुभंगली. फोर्ड थोडक्यात तरले, पण चार वर्षांनी तोच पक्ष रेगन यांच्यामागे उभा राहिला. 2016 मध्ये तर त्या पक्षाचे सतरा उमेदवार रिंगणात होते. ‘कोण अधिक निष्ठावंत’ आणि ‘कोण निवडून येण्याजोगा’ या दोन प्रश्नांभोवती त्या मतदारांचा सारा वाद फिरतो, आणि बदलापूरच्या फलाटावर सकाळी उभे राहणाऱ्या मंडळींचा वादही नेमका याच दोन प्रश्नांभोवती फिरतो.

आपल्याकडे मात्र उमेदवारी ‘वरून’ येते. ‘वरून ठरलं’ या दोन शब्दांत कार्यकर्त्याची वर्षानुवर्षांची मेहनत, त्याची आशा आणि तिचा भंग ही सारी सामावलेली असतात. अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली असताना मुंबईहून किंवा ठाण्याहून येणारा ‘एबी फॉर्म’ हा या व्यवस्थेतला सर्वांत सामर्थ्यशाली दस्तऐवज होय. त्यातील ‘ए’ नमुन्यात उमेदवार ठरविण्याचा अधिकार पक्षाने कोणाला दिला आहे हे लिहिलेले असते आणि ‘बी’ नमुन्यात त्या अधिकाऱ्याने निवडलेल्या माणसाचे नाव असते. ही दोन पाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या मेजावर वेळेत पोहोचली, तरच पक्षाचे चिन्ह मिळते. ज्या हजारो लोकांनी त्या चिन्हासमोरचे बटण दाबावयाचे, त्यांच्या इच्छेचा या दोन पानांत कोठेही उल्लेख नसतो. काँग्रेसने 2014 च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी लातूर व वर्धा यांसारख्या काही मोजक्या मतदारसंघांत पदाधिकाऱ्यांच्या मतदानाने उमेदवार ठरविण्याचा प्रयोग केला होता. त्या दोन्ही जागा पुढे पक्षाने गमावल्या आणि प्रयोगही तेथेच विरला. हिंदुत्ववादी पक्षांनी तर तेवढाही प्रयत्न केलेला नाही.

या भागातील घरगुती वादाचे मूळ 1989 साली भारतीय जनता पक्ष व शिवसेना यांच्यात झालेल्या युतीत आहे. तत्पूर्वीपासून ठाणे लोकसभा मतदारसंघ हा जनसंघाच्या परंपरेचा बालेकिल्ला मानला जाई. रामभाऊ म्हाळगी यांनी 1977 व 1980 मध्ये आणि राम कापसे यांनी 1989 व 1991 मध्ये तेथून विजय मिळविला होता. म्हाळगींनी आपल्या कामाचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा जो पायंडा पाडला, त्याची आठवण जुने स्वयंसेवक अजूनही अभिमानाने काढतात. 1996 मध्ये ही जागा सेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांच्या आग्रहाने शिवसेनेकडे गेली आणि प्रकाश परांजपे लागोपाठ चार वेळा निवडून आले. विजय युतीचाच होता, परंतु ज्यांनी आयुष्यभर ‘कमळ’ रंगविले होते त्यांना ‘धनुष्यबाण’ रंगवावा लागला, आणि तो निर्णय घेताना त्यांना कोणी विचारले नव्हते. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर उल्हासनगर व अंबरनाथ कल्याण लोकसभेत गेले आणि बदलापूर मुरबाड विधानसभेतून भिवंडी लोकसभेला जोडले गेले, तरी ही सल तशीच राहिली.

या वादात कोणता माणूस कोणत्या बाजूस जातो, हे पाहण्यासाठी तिन्ही नगरांची घडण ध्यानात घ्यावी लागते. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कल्याणच्या लष्करी छावण्यांत उभारलेले शहर. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्याची पायाभरणी केली, आणि ‘कॅम्प’ हा शब्द तेथे अजूनही पत्त्यात लिहिला जातो. ज्याने घरदार धर्माच्या नावाने गमावले, त्या कुटुंबाला जनसंघाची भाषा आपली वाटावी हे स्वाभाविकच होते. अंबरनाथ हे अकराव्या शतकातील शिवमंदिराचे आणि त्याचबरोबर आयुध निर्माणी व आगपेटीच्या कारखान्याचे गाव. तेथील मराठी कामगाराला शिवसेनेच्या शाखेने आधार दिला, आणि साबीर शेख यांच्यासारखा शिवचरित्राचा अभ्यासक तेथून तीनदा आमदार होऊन राज्याचा कामगारमंत्री झाला. बदलापूर त्यामानाने अलीकडे वाढले; दादर-गिरगावात न परवडणारे घर शोधत डोंबिवलीपर्यंत आलेला आणि तेथूनही पुढे सरकलेला नोकरदार तेथे स्थिरावला, आणि त्याने आपल्याबरोबर संघाची शाखाही आणली व शिवजयंतीही आणली.

बदलापूरच्या एखाद्या चाळवजा इमारतीत संक्रांतीच्या सुमारास काका-पुतण्याचे बोलणे कानी पडावे, ते साधारणतः असे असते. पुतण्या म्हणतो, “काका, रात्री दोन वाजता दवाखान्यात गाडी कोणाची आली, ते सांगा आधी. सेनेच्या शाखेतलाच पोरगा आला ना?” काका शांतपणे उत्तर देतात, “अरे, आला, मान्य. पण नगरपालिका म्हणजे रुग्णवाहिका नव्हे. हिशेब कोण ठेवणार, ते बघ.” पुतण्या म्हणतो, “हिशेबानं नळाला पाणी येत नाही.” काका म्हणतात, “आणि नुसत्या ओळखीनंही येत नाही, बाळा.” दोघांच्याही देव्हाऱ्यात एकच गणपती आहे आणि लोकसभेला दोघेही एकाच नेत्याकडे पाहून मत देतात. मतभेद आहे तो कारभाराच्या पद्धतीविषयी: अडीअडचणीला धावून येणारा माणूस थोर, की नियमाने चालणारी संस्था थोर? मला हा प्रश्न कोणत्याही सिद्धांतचर्चेइतकाच गंभीर वाटतो, आणि तो विचारणाऱ्या दोघांविषयी मला नितांत आदर आहे.

हा प्रश्न मतपेटीपुढे उघडपणे येण्याचा प्रसंग 2014 मध्ये प्रथम आला. विधानसभेच्या तोंडावर युती तुटली, दोन्ही पक्ष स्वतंत्र लढले, आणि अंबरनाथमध्ये शिवसेनेचे बालाजी किणीकर भाजपचे राजेश वानखेडे यांच्यावर अवघ्या दोन हजारांच्या आसपास मतांनी विजयी झाले. ही लढत म्हणजे नाव नसलेली प्रायमरीच होती. उल्हासनगरात मात्र त्याच दिवशी निराळे घडले. मते विभागली गेली आणि भाजपच्या कुमार आयलानी यांचा राष्ट्रवादी काँग्रेसच्या ज्योती कलानी यांनी दोन हजारांहून कमी मतांनी पराभव केला. ‘आपसांत भांडलात तर तिसरा येतो’ असे जे म्हणतात ते उल्हासनगर दाखवितात, आणि ‘भांडलो म्हणून काही बिघडले नाही’ असे जे म्हणतात ते अंबरनाथ दाखवितात. दोन्ही दाखले खरे आहेत. प्रायमरीचा उपयोग नेमका येथे आहे: तीत आपसांतला वाद आधी मिटतो आणि अंतिम लढतीत मत फुटत नाही. ज्या वानखेडे यांना 2014 मध्ये कमळावर मते मिळाली, तेच दहा वर्षांनी उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडून त्याच किणीकरांविरुद्ध उभे राहिले, यावरून रीतसर निवाडा न झालेला वाद माणसाला कोठवर नेतो हे दिसते.

2022 मध्ये शिवसेना फुटली, निवडणूक आयोगाने फेब्रुवारी 2023 मध्ये पक्षाचे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे दिले, आणि राज्यात भाजप व शिंदे यांची शिवसेना एकत्र सत्तेत असताना या पट्ट्यात मात्र तेढ वाढत गेली. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात 2 फेब्रुवारी 2024 रोजी भाजपच्या तत्कालीन आमदारांनी शिंदे गटाच्या शहरप्रमुखावर गोळीबार केल्याच्या आरोपाने तर सारे राज्य हादरले. ते प्रकरण न्यायालयाच्या कक्षेतले आहे, त्याविषयी येथे अधिक लिहिणे उचित नव्हे. त्यानंतर दोनच महिन्यांनी, कल्याणमधील भाजप कार्यकर्त्यांचा विरोध असताना, शिवसेनेचे श्रीकांत शिंदे यांची कल्याण लोकसभेची उमेदवारी भाजपचे देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केली आणि ते दोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. इतका मोठा विजय पाहून विरोध निराधार होता असे कोणी म्हणेल; परंतु अंतिम लढतीत मतदाराने दिलेले मत समोरच्या पक्षाच्या उमेदवाराच्या तुलनेत दिलेले असते. आपल्याच पक्षातला कोणता उमेदवार हवा होता, हे त्यावरून कळत नाही. भिवंडीत त्याच वेळी भाजपचे कपिल पाटील पराभूत झाले, आणि त्यांच्यात व त्याच पक्षाचे मुरबाडचे आमदार किसन कथोरे यांच्यात असलेला दुरावा चव्हाट्यावर आला; बदलापूरचा कट्टर भाजपवालाही त्या काळात ‘पाटलांचा’ की ‘कथोरेंचा’ या प्रश्नातून सुटला नाही.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर 2025 मधील नगरपरिषद निवडणुकीचे महत्त्व मला फार वाटते. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत 2016 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा आणली गेली. त्यामुळे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती असलेल्या अंबरनाथ व बदलापूर या दोन्ही शहरांत मतदाराला प्रभागातील सदस्यांसाठी वेगळे आणि अध्यक्षपदासाठी वेगळे बटण दाबण्याचा हक्क मिळाला. युती झाली नाही. बदलापुरात भाजपच्या रुचिता घोरपडे विरुद्ध शिवसेनेच्या वीणा म्हात्रे आणि अंबरनाथमध्ये भाजपच्या तेजश्री करंजुले विरुद्ध शिवसेनेच्या मनीषा वाळेकर अशा लढती झाल्या. 21 डिसेंबरच्या मोजणीत दोन्ही ठिकाणी भाजपच्या उमेदवार विजयी ठरल्या. पण अंबरनाथचा निकाल नीट वाचला पाहिजे. तेथे 59 सदस्यांपैकी 27 शिवसेनेचे निवडून आले आणि भाजपचे केवळ 14. याचा सरळ अर्थ असा, की शेकडो घरांतून मतदाराने एकाच फेरीत सदस्यासाठी धनुष्यबाण आणि अध्यक्षासाठी कमळ दाबले. रात्रीअपरात्री धावून येणारा आपल्या प्रभागात असावा आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे असावी, असा काका आणि पुतण्या या दोघांचेही समाधान करणारा निवाडा त्याने स्वतःच करून टाकला. कोणत्याही समन्वय समितीला इतका सूक्ष्म निर्णय सुचला नसता.

त्यानंतर जे झाले ते मात्र क्लेशकारक होते. बहुमतासाठी भाजपच्या स्थानिक मंडळींनी जानेवारी 2026 मध्ये काँग्रेसच्या बारा सदस्यांशी हातमिळवणी करून आघाडी केली. मुख्यमंत्र्यांनी ती अमान्य असल्याचे जाहीर केले, काँग्रेसने आपल्या सदस्यांना निलंबित केले, आणि ते बाराही जण भाजपमध्ये दाखल झाले. लवकरच राष्ट्रवादीच्या सदस्यांनी शिवसेनेची साथ धरली. मतदाराने एका भगव्याला अध्यक्षपद आणि दुसऱ्याला सभागृह देऊन दोघांनी मिळून कारभार करावा असे सुचविले होते. दोघांनीही ते ऐकले नाही. ज्याने आयुष्यभर काँग्रेसविरोधात मत दिले, त्या अंबरनाथकराला या आठवड्यांत जी शरम वाटली तिची भरपाई कोणत्याही विकासनिधीने होणार नाही.

उल्हासनगरला तर तेवढाही कौल देता आला नाही. ते महानगरपालिकेचे शहर असल्यामुळे तेथील महापौर नगरसेवकच निवडतात. 15 जानेवारीच्या मतदानात कॅम्पमधल्या मतदाराने आपल्या प्रभागासाठी चार-चार मते दिली, पण महापौरासाठी एकही नाही. दोन्ही भगवे पक्ष तेथेही समोरासमोर लढले आणि 78 जणांच्या सभागृहात जवळजवळ समसमान संख्येने बसले. महापौर कोणाचा, हा प्रश्न मग मूठभर सदस्यांच्या हाती गेला, आणि ज्या सिंधी दुकानदाराने व त्याच्या दुकानात अंबरनाथहून रोज कामाला येणाऱ्या मराठी कारकुनाने महिनाभर गल्ल्यावर बसून याच विषयावर वाद घातला होता, त्यांपैकी कारकुनाने आपल्या गावाच्या अध्यक्षासाठी स्वतः बटण दाबलेले होते. मालकाला ती मुभा नव्हती.