गॉगलच्या आतलं धुकं

आपल्याकडे गॉगल म्हणजे स्टाइल. गुलमर्गच्या उतारावर गॉगल म्हणजे डोळे, आणि माझ्यासारख्या मायनस पाचवाल्यांची तिथे दुहेरी पंचाईत! चष्मा काढावा तर समोर नुसता कोरा कागद. चष्म्यावर गॉगल चढवावा तर पाच मिनिटांत काचांवर वाफ. गोंडोलाने अफरवटवर, म्हणजे ३,९०० मीटरच्या आसपास पोचल्यावर आंधळी कोशिंबीर खेळायची हौस कुणाला असते? खडक, उताराची कड, मध्येच पडलेला स्कीअर, काहीच वेळेवर दिसत नाही.

ही वाफ आपलीच. घामाची, श्वासाची दमट हवा आत कोंडते आणि गार काचेवर तिचे थेंब होतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखंच. त्यामुळे पुसत बसण्यापेक्षा हवा खेळती ठेवायची. बफ नाकावर ओढला की श्वास थेट चष्म्यावर. २०२० मध्ये मास्क लावून फिरलेल्या चष्मेवाल्यांना हे काय सांगायचं! मी बफ नाकाखालीच ठेवते. नाक लाल होतं, होऊ दे.

गॉगल घेताना 'ओटीजी' मागा, म्हणजे चष्म्यावरून घालायचा. तो आतून खोल असतो, चष्म्याच्या काड्यांसाठी फोमला खाचा असतात. काच दुहेरी हवी. मधल्या हवेमुळे आतली काच फार गार पडत नाही. दुकानात आपला चष्मा लावूनच ट्राय करा. चष्मा गॉगलच्या काचेला टेकत असेल, तर तो कितीही देखणा असो, परत ठेवा.

थांबल्यावर गॉगल कपाळावर ढकलायची सवय फिल्मी आहे, पण घामेजल्या कपाळाची सगळी वाफ त्यात शिरते. वरच्या जाळीवर टोपी नको. आतली काच ओली असताना घासली, तर अँटी-फॉग कोटिंग खराब होतं; नुसतं टिपा. चष्म्याला मात्र अँटी-फॉग स्प्रे सकाळी हॉटेलवरच लावा. कहवा प्यायला आत शिरलात की गारठलेला चष्मा पांढराफटक होणारच. तो कोमट होऊ द्या, कोरडा करा, मगच वर गॉगल.

वन-डे कॉन्टॅक्ट लेन्स हा सुटसुटीत उपाय खरा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून. माझे डोळे त्या कोरड्या हवेत चुरचुरतात, म्हणून मी चष्म्यावरच.

आणि एवढं करूनही रांगेत उभं राहिलं की थोडी वाफ धरतेच. निघालं की वारा बहुतेक वेळा ती घेऊन जातो. नाहीच गेली, तर उताराच्या कडेला, वरून येणाऱ्यांना दिसाल अशा जागी थांबा. इन्स्ट्रक्टर ओरडू दे, काच साफ होईपर्यंत हलायचं नाही.